दुपारचं ऊन, रात्रीचा एसी

एसी सूर्यावर चालेल का, असं हल्ली ओळखीतलं कुणीही मला विचारतं. उमर भिलाईच्या पोलाद कारखान्यात विजेच्या कामात गेली, म्हणून विचारत असावेत. माझं उत्तर ठरलेलं: पॅनल बसवा, एसीही घ्या, पण दोघांची गाठ मारू नका.

रिसालीतल्या आमच्या गच्चीवर ३ किलोवॉटचे पॅनल आहेत. वर्षाच्या सरासरीने दिवसाला बाराएक युनिट वीज मिळते. दीड टनाचा फाइव्ह स्टार एसी रात्री आठ तास चालला, तर आठ-नऊ युनिट खातो. कागदावर हिशेब चोख. पण वीज तयार होते दिवसा, आणि एसी लागतो जेवणं आटोपल्यावर. दुपारची वीज मंडळाच्या तारेत जाते, मीटर ती जमा धरतो आणि रात्री आपण कोरब्याच्या कोळशाची वापरतो. बिल उतरतं ना? मग झालं.

दुकानदार इथेच बॅटरी गळ्यात मारतो. रात्रभर एसी ओढेल अशी लिथियम बॅटरी घेतली, तर तिचा खर्च पॅनलच्या तोडीस तोड जातो. ३ किलोवॉटला ‘पीएम सूर्यघर’चे ७८,००० आणि छत्तीसगड सरकारचे ३०,००० मिळतात, ते पॅनलसाठी, बॅटरीचा भार आपल्याच खिशावर. राज्याची ‘हाफ बिजली बिल’ सवलत, म्हणजे ४०० युनिटांपर्यंत अर्धं बिल, ऑगस्ट २०२५ पासून आखडली, त्यामुळे पॅनलचे पैसे आता पूर्वीपेक्षा लवकर वसूल होतात. बॅटरी जोडली की ते गणित पुन्हा बिघडतं. आणि हो, बॅटरीविना लाइट गेली की भर उन्हातही सोलर बंद पडतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला उलटा करंट बसू नये, म्हणून ती सोय मुद्दाम केलेली आहे. ती चुकवायच्या भानगडीत पडू नका.

आपल्याकडचं ऊनही जाहिरातीतल्यासारखं गुणी नाही. पॅनलचा आकडा २५ अंशांवरचा असतो. मे महिन्यात काच ६५ अंशांपर्यंत तापते आणि जवळपास १५ टक्के वीज तिथेच जाते. वर इथली धूळ. आठवडाभर पॅनल पुसले नाहीत तर फडक्याला काळपट-तांबूस थर लागतो. पहाटे, काच गार असताना धुवायचे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

कोरड्या मे महिन्यात तसाही वाळ्याचा कूलर पुरतो, अन् तो एसीच्या पाव हिश्शाहून कमी वीज घेतो. खरा छळ जूनअखेरीस सुरू होतो. हवा दमट झाली की कूलर नुसता ओला वारा फेकतो, एसीशिवाय झोप नाही, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून पॅनल निम्म्यावर येतात. त्या दिवसांत एसी सोलरवर चालवायच्या गोष्टी करणाऱ्याने भिलाईत एक पावसाळा काढून दाखवावा.

बॅटरीचे पैसे वाचतील, त्यातले थोडे गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायला काढा. वरच्या मजल्यावर झोपत असाल तर तो आधी, एसी नंतर.