कुत्रा गुरगुरला, म्हणून स्थळ नाकारायचे?

गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून फक्त हकीकत सांगते. मुलीसाठी स्थळ आले. मुलगा कुवेतला नोकरीला, सुट्टीवर आलेला, नमाजी, घराणे ओळखीतले. आई-वडील, मामू आणि मुलगा असे चौघे असरनंतर घरी आले. खळ्यात पाऊल ठेवताच आंब्याच्या बागेच्या राखणीसाठी पाळलेला वाघ्या त्या मुलावर गुरगुरू लागला. बाकी तिघांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. चहा संपेपर्यंत त्याची गुरगुर चालूच. शेवटी गड्याने त्याला मागे नेऊन बांधले. पाहुणे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जनावराला कळतं. ह्या पोरात काहीतरी खोट आहे." तेव्हापासून होकाराचा निरोप अडकून पडला आहे. मुलीला मुलगा पसंत आहे, पण आजीपुढे ती बोलत नाही. पत्रात विचारले आहे : कुत्र्याला खरेच माणूस कळतो का?

सासूबाईंना हसू नका. कुत्र्याला माणसाची नियत कळते हा समज गावोगावी आहे, आणि आपल्या घरांत त्याला आणखी एक आधार मिळतो. असहाबे कहफच्या कुत्र्याचा उल्लेख खुद्द कुरआनात, सूरह कहफमध्ये आहे. त्या नेक तरुणांसोबत तो गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला होता. दादी-नानींनी ही गोष्ट सांगताना पुढे जोडून दिले, की बघा, कुत्र्याने नेक माणसे ओळखली. मात्र कुरआनात त्याने कुणाची पारख केल्याचे कुठेही नाही. तो दाराशी होता, एवढेच आहे.

आता विज्ञानाकडे वळू. वाघ्याला त्या मुलाबद्दल काही कळले का? कळले असणार. काय कळले, हा खरा प्रश्न आहे.

कुत्र्याचे नाक आपल्या कल्पनेपलीकडचे आहे. आयर्लंडच्या उत्तर भागात बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठात २०२२ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ३६ माणसांना भराभर तोंडी हिशेब करायला लावून ताण दिला. ताणाआधीचा आणि ताणानंतरचा त्यांचा घाम आणि श्वास कापडाच्या तुकड्यांवर घेतला आणि ते तुकडे शिकवलेल्या चार कुत्र्यांपुढे ठेवले. शंभरात ९३ हून जास्त वेळा कुत्र्यांनी ताणाचा वास अचूक निवडला. माणूस समोर नाही, त्याचा चेहरा नाही, आवाज नाही, फक्त वास. त्याआधी २०१८ साली इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी घाबरलेल्या माणसांच्या घामाचा वास कुत्र्यांना दिला होता. कुत्रे अस्वस्थ झाले आणि आपापल्या मालकाला जाऊन चिकटले. आनंदी माणसांच्या घामाचा वास दिला, तेव्हा तेच खोलीतल्या अनोळखी माणसाशी जास्त सलगी करू लागले.

म्हणजे भीती आणि ताण कुत्र्याला कळतो, यात शंका नको. आता मला सांगा, मुलगी पाहायला आलेल्या चौघांत सगळ्यात जास्त ताण कुणाला असेल? मामूला?

दुसरी गोष्ट आपल्या घरांपुरती खास आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोकणात आपण बहुतेक शाफई. कुत्र्याचे ओले अंग लागले तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक वेळ मातीने. घाटावरच्या हनफी घरांत मुख्य प्रश्न लाळेचा असतो, पण कपडे नापाक होऊ नयेत ही काळजी तिथेही आहेच. शेतीच्या, जनावरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा ठेवायची मुभा हदीसमध्ये आहे, आणि बागायतदार ती वापरतात. पण तो असतो खळ्यात नाहीतर बागेत, त्याच्याशी बोलणे-वागणे गड्याचे. आपली मुले कुत्र्याला हात लावत मोठी होत नाहीत. असा नमाजी मुलगा, मगरीबची वेळ जवळ आलेली, अंगात नवे पांढरे कपडे, आणि समोरून कुत्रा नाक पुढे करत येतो. तो काय करील? जागीच ताठ उभा राहील, दोन्ही हात वर घेईल, एक पाऊल मागे सरेल आणि नजर कुत्र्यावरच रोखून धरील.

यातली एकेक गोष्ट कुत्र्याच्या भाषेत तपासून पाहा. रोखलेली नजर म्हणजे आव्हान. अचानक वर गेलेला हात म्हणजे मार. ताठरलेले अंग म्हणजे हल्ल्याची तयारी. मुलाच्या मनात वुजू सांभाळून नमाजपर्यंत पोहोचायचा विचार, आणि वाघ्याला दिसतो खळ्यात शिरलेला संशयास्पद इसम! त्यात अत्तर. आखातातून आलेल्या माणसाच्या अंगावरचे अत्तर आपल्याला चार हातांवरून येते, कुत्र्याला तर ते वाडीच्या तोंडापासून येत असेल.

पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून सुमारे तीन-साडेतीन महिन्यांचे होईपर्यंत जी माणसे, जे कपडे, जे आवाज अनुभवते, ते त्याला जगाचा भाग वाटतात. त्यानंतर दिसणारे नवे ते परके. म्हणून काही कुत्रे छत्रीवर भुंकतात, काही हेल्मेटवर, काही काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यावर. आपल्या मोहल्ल्यातला कुत्रा बुरख्याकडे पाहतही नाही. तोच बुरखा दुसऱ्या वस्तीतल्या कुत्र्याने कधी पाहिलेला नसतो, आणि तो भुंकतो.

आणि घरच्यांचे काय? त्या दिवशी सकाळपासून अंगण सारवणे, भांडी काढणे, मटण शिजतेय की नाही ही धांदल, सासूबाईंच्या मनात नातीची काळजी. कुत्रा हे सगळे वाचत असतो. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा छडा लावला. अमली पदार्थ आणि स्फोटके हुडकणारे १८ कुत्रे आणि त्यांचे शिक्षक त्यांनी एका चर्चच्या खोल्यांत फिरवले. शिक्षकांना सांगितले, की वास कुठे लपवला आहे ते दाखवायला काही ठिकाणी लाल कागद लावला आहे. खरे तर कुठेच काही लपवलेले नव्हते. एकूण १४४ फेऱ्या झाल्या, त्यांत कुत्र्याने काहीच 'सापडले' म्हणून न दाखवलेल्या फेऱ्या फक्त २१. उरलेल्यांत मिळून २२५ खोटे इशारे, आणि लाल कागदापाशी ते जास्त. कागदाचा अर्थ कुत्र्याला काय ठाऊक? अर्थ ठाऊक होता शिक्षकाला. त्याच्या मनातली अपेक्षा त्याच्या नकळत दोरीतून कुत्र्यापर्यंत पोहोचत होती, किंवा कुत्र्याची साधी हालचालही त्याला इशारा वाटत होती. ही शिकवलेली जनावरे आणि अनुभवी माणसे. वाघ्या आणि सासूबाईंकडून आपण याहून जास्त अपेक्षा कशी करणार?

कुत्रा चांगले-वाईट अजिबात पाहत नाही, असेही मला म्हणायचे नाही. जपानच्या क्योटो विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला आवडतो. मालक डब्याचे झाकण काढायला धडपडतो आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे मदत मागतो. तो माणूस तोंड फिरवतो. दुसऱ्या बाजूला एक तिऱ्हाईत नुसता बसलेला. मग दोघेही कुत्र्यापुढे खाऊ धरतात. ५४ कुत्र्यांवर हे करून पाहिले. ज्यांनी मालकाला नकार मिळताना पाहिला होता, ते कुत्रे त्या नकार देणाऱ्याच्या हातून खाऊ घेणे टाळू लागले. मदत करणाऱ्याला मात्र त्यांनी तिऱ्हाइतापेक्षा जास्त पसंती दिली नाही. त्याच विद्यापीठात आणखी एक गोष्ट दिसली. एखाद्याने रिकाम्या भांड्याकडे बोट दाखवून एकदा फसवले, की पुढच्या वेळी बरेच कुत्रे त्याच्या बोटावर विश्वास ठेवत नाहीत. माणूस बदलला, की पुन्हा ठेवतात. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना येथील प्रयोगांत मात्र खाऊ देणारा आणि न देणारा यांत कुत्र्यांनी स्पष्ट निवड केली नाही.

या सगळ्यांतून मला एवढेच दिसते, की कुत्र्याला जे कळते ते त्याच्या डोळ्यांसमोर घडलेले, नाहीतर त्याच्या नाकाला त्या क्षणी जाणवलेले. मुलगा कुवेतहून घरी पैसे पाठवतो का, बायकोवर हात उचलील का, दिलेला शब्द पाळतो का, यातले काहीही घामात नसते.

आपल्या न्यायालयांनी हा विचार फार पूर्वी केला आहे. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका फौजदारी खटल्यात पोलिसांच्या कुत्र्याने आरोपीपर्यंत माग काढला होता. १९६९ च्या निकालात न्यायालयाने त्या पुराव्यावर वजन टाकायला नकार दिला. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, त्याच्या वतीने बोलणार त्याचा शिक्षक. आणि माणसाचे आयुष्य व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर सोपवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. शिकवलेल्या कुत्र्याबद्दल जर हे, तर खळ्यातल्या गुरगुरीवर मुलीचे लग्न मोडायचे का?

आणि ही गोष्ट लग्नापुरती नाही. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे, दाढी राखतो. त्याच्या इमारतीत लिफ्टमध्ये शेजाऱ्यांचा कुत्रा त्याच्यावर भुंकला. मालकीणबाई सोबतच्या बाईंना म्हणाल्या, "हा असा कुणावरही भुंकत नाही." वाक्य साधे, पण भाच्याला ते सगळे कळले. त्यानंतर महिनाभर तो जिन्याने चढत होता. कुत्र्याची साक्ष आपल्याविरुद्ध जाते तेव्हा ती किती पोकळ आहे हे आपल्याला लगेच उमगते. पाहुण्याविरुद्ध जाते, तेव्हा आपण मान डोलावतो.

सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहायला सांगितले आहे आणि आलेल्या बातमीची शहानिशा करायलाही. म्हणून त्या भगिनींना माझा सल्ला शहानिशेचा आहे. हजरत उमर (र.) यांच्याबद्दल एक प्रसंग सांगितला जातो. एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले : तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्यासोबत प्रवास केलास का? पैशाचा व्यवहार केलास का? तिन्हीचे उत्तर नाही आले, तेव्हा ते म्हणाले, मग तू त्याला ओळखत नाहीस. कुवेतमध्ये तो मुलगा ज्यांच्यासोबत खोलीत राहतो, त्यांतला एखादा आपल्या पंचक्रोशीतला निघेलच. त्याला फोन करा. उसने पैसे परत करतो का, रागावला की काय करतो, हे विचारा. गावातल्या त्याच्या शेजाऱ्यांकडे मुलीच्या मामूंना पाठवा, पण आगाऊ कळवून नाही. आणि सगळ्यात आधी मुलीला एकटीला बसवून तिचे मन विचारा, तिच्या संमतीशिवाय निकाह होत नाही. सासूबाईंनाही या चौकशीत घ्या. "अम्मी, तुम्हाला शंका आहे ना, मग काय विचारायचं ते तुम्हीच सांगा," असे म्हणालात, तर त्यांचा मानही राहील आणि त्यांच्या काळजीचा उपयोगही होईल.

पुढच्या वेळी पाहुणे येण्याआधीच वाघ्याला मागे बांधा. बांधायचे राहिले आणि तो जवळ आलाच, तर मुलाला सांगा : नजर बाजूला, हात खाली, पळायचे नाही, अंग थोडे तिरके करून उभे राहायचे. कपड्यांची काळजी नंतर करता येईल.

एका प्रसंगी मात्र कुत्र्याकडे जरूर लक्ष द्या. रोजच्या ओळखीचा माणूस, ज्याच्यापुढे तो आजवर शेपूट हलवत होता, त्याला पाहून एके दिवशी कुत्रा अचानक शेपूट पायांत घालून कोपऱ्यात गेला, आणि दुसऱ्या दिवशीही गेला. अनोळखी पाहुण्यापेक्षा ही गोष्ट निराळी आहे. आधी कुत्र्याला कुठे लागले आहे का, दुखते आहे का ते पाहा. तसे काही नसेल, तर आपल्या पाठीमागे त्या माणसाने त्याला लाथ मारली का, दगड मारला का, हे शोधा. घरातल्या लहान मुलांना जवळ घेऊन, न ओरडता विचारा. तुम्ही स्वयंपाकघरात असता तेव्हा खळ्यात काय चालते, हे बहुधा त्यांनी पाहिलेले असते.