विश्वास कमी पडला म्हणे!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे, आणि रागावून बसलो आहे हे आधीच सांगतो. नातेवाइकांपैकी काहींना हे लागेल. लागू द्या.

माझी धाकटी बहीण गेले काही महिने आजारी आहे. घरच्यांना सगळं माहीत आहे, बाकीच्यांनी विचारू नये. परवा तिच्याकडे चार जण प्रार्थनेला आले. गाणी झाली, शास्त्रवाचन झालं, चहा झाला. निघताना चपला घालता घालता एक गृहस्थ म्हणाले, "ताई, देव बरं करायला तयार आहे हो, पण तुमचा विश्वास कमी पडतोय." बहीण तेव्हा नुसती हसली. रात्री मला फोनवर विचारते, "दादा, खरंच कमी पडत असेल का रे?" आधीच दुखण्याने बेजार, त्यात आता हा हिशेब!

हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये फार स्वस्त झालं आहे. बरे झालात तर विश्वास मोठा, नाही झालात तर छोटा. देव म्हणजे काय किराणा दुकानदार आहे? इतका विश्वास द्या, इतकं आरोग्य घ्या!

बरं, या मंडळींना शास्त्र पाठ असतं. मग मत्तयाचा १७ वा अध्याय कसा विसरतात? शिष्यांना तो आजारी मुलगा बरा करता आला नाही, तेव्हा येशूने अल्पविश्वासाचं माप कोणाच्या पदरात घातलं? शिष्यांच्या! म्हणजे प्रार्थना करायला गेलेल्यांच्या. त्या पोराला कोणी म्हणालं नाही की बाळा, तुझा विश्वास कमी पडला. त्या गृहस्थांनी दारात उभं राहून आधी स्वतःची झडती घ्यायला हवी होती.

ईयोबाचे मित्रही असेच. ते आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. माझ्या मते तीच त्यांची खरी सेवा. मग तोंडं उघडली आणि प्रत्येकाने त्याच्या दुःखात त्याचं पाप शोधलं. शेवटी देव रागावला तो या सभ्य, शास्त्रशुद्ध बोलणाऱ्यांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबालाच उलट त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं.

मोह म्हटलं की आपल्याला दारू आणि पैसा आठवतो. पण रानातली येशूची परीक्षा पाहा. (ग्रीकमध्ये मोह आणि परीक्षा यांना एकच शब्द आहे.) सैतान त्याला मंदिराच्या टोकावर नेतो आणि चक्क ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवतो. उडी टाक, देवदूत झेलतील! दिसायला हा विश्वासच. येशूने उडी मारली नाही. आता "गोळ्या बंद करा, विश्वास दाखवा" असं सांगणारे कोणाची भाषा बोलतात ते त्यांनीच ठरवावं.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण अभिमानाने घेतो. आईबाप दुष्काळात गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलीबाळींना त्यांनी आसरा दिला. आणि ज्या मुलीने पुढे हे काम सांभाळायचं, ती मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. तरी बाईंचं बायबलच्या भाषांतराचं काम चालूच होतं. १९२२ मध्ये त्याही गेल्या. विश्वास कमी पडला म्हणायचं का? पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. आपण चढून जाऊ नये म्हणून तो दिला, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे.

आता माझंही सांगतो, नाहीतर नुसती दुसऱ्यांची उणी काढल्यासारखं होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी माझा मुलगा एस.टी.च्या अपघातातून वाचला. पुढच्या रविवारी मी उभा राहून साक्ष दिली, की आम्ही रोज पहाटे गुडघ्यावर असतो, म्हणून देवाने राखलं. शिक्षकाचा आवाज, मागच्या बाकापर्यंत पोचला. तिसऱ्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्याच गाडीत त्यांचा मुलगा गेला होता. त्याही पहाटे गुडघ्यावर असत. मी आभार मानतोय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी माझी प्रगतिपुस्तिका वाचून दाखवत होतो. त्या परूश्याच्या प्रार्थनेत आणि माझ्या साक्षीत काय फरक होता? त्या बाई आता हयात नाहीत. माफी मागायची राहूनच गेली.

असो. बहिणीला मी म्हटलं, "मार्कचा नववा अध्याय काढ. त्याच मुलाची गोष्ट आहे. बाप म्हणतो विश्वास आहे, आणि लगेच म्हणतो की नाहीये, त्यालाच मदत कर. येशूने त्याला हाकललं नाही." ती म्हणाली, "चष्मा सापडत नाहीये रे, तूच वाच." वाचलं. मध्येच तिला झोप लागली असावी. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता.