शेवटचा घाणा

परवा आमच्याकडे कांदेनवमी झाली. कांदेनवमी म्हणजे काय, हे नव्या मुलींना सांगायला हवं म्हणून सांगते. आषाढ शुद्ध नवमी. दोनच दिवसांनी आषाढी एकादशी आणि तिथून थेट कार्तिकीपर्यंत चातुर्मास. ज्या घरांत चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, त्या घरांत या दिवशी कांद्याला निरोप द्यायचा, तोही पोटभर. भजी, झुणका, कांद्याची थालीपिठं, भरले कांदे... आमच्या घरात चातुर्मास आता फक्त सासूबाई पाळतात. बाकीचे आम्ही एकादशीच्या साबुदाणा खिचडीपुरते धार्मिक. पण कांदेनवमी मात्र सगळे मनोभावे करतो!

या वर्षी चिरंजीवांनी दोन दिवस आधीच फर्मान काढलं, ‘‘आई, भजी नको. ऑनियन रिंग्ज कर. बाहेर मिळतात तशा, कुरकुरीत.’’ बाहेर मिळतात तशा म्हणजे प्लेटीत मोजून आठ कडी, सोबत सॉसची एवढीशी वाटी, आणि बिल असं की तेवढ्यात घरात कांद्याची पिशवी यावी. म्हटलं, करू या. कांदाच तर आहे!

कांदाच तर आहे, असं म्हणून मी पहिल्याच घाण्याला तोंडावर पडले. मैदा भिजवला, कांद्याच्या गोल चकत्या केल्या, कडी सुटी केली, पिठात बुडवून तेलात सोडली. दोन मिनिटांत कांदा एकीकडे आणि त्याचं पांघरूण दुसरीकडे.

सासूबाई ओट्याजवळ स्टुलावर बसून कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचं माहेर निफाडकडचं. शेतावरची कांद्याची चाळ बघतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. कांद्याच्या बाबतीत आमच्याकडे त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी कढईत डोकावून विचारलं, ‘‘अगं, पापुद्रा काढलास का?’’

पापुद्रा म्हणजे कांद्याच्या प्रत्येक पाकळीच्या आतल्या अंगाला असतो ना, तो पातळ, गुळगुळीत पडदा. तो राहिला की पीठ धरतच नाही, घसरतं. शिवाय मी कडी ओलीच बुडवली होती आणि वर कांद्याला मीठही लावून ठेवलं होतं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘मीठ भज्यांना लावतात. याला कशाला? हे तर आमचं चकतीचं भजंच की, मधे भोक पाडलेलं!’’

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आपली खेकडा भजी करताना कांदा उभा, पातळ चिरायचा, मीठ चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. मिठामुळे कांद्याला पाणी सुटतं आणि त्या पाण्यात बसेल तेवढंच बेसन घालायचं. वरून पाण्याचा थेंब नको. ओवा, तिखट, हळद, चमचाभर तांदळाची पिठी आणि कडकडीत तेलाचं मोहन. भज्यांत ते सुटलेलं पाणी कामाचं. रिंग्जमध्ये तेच पाणी वैरी. तिथे मीठ घालायचं ते वरच्या पिठात.

दुसऱ्यांदा मग नीट केलं. चार मोठे उन्हाळ कांदे घेतले. या दिवसांत चाळीतला साठवणीचा उन्हाळ कांदाच बाजारात असतो. तो दिवाळीच्या सुमाराच्या लाल कांद्यासारखा पाणचट नसतो, म्हणून तळणीला चांगला. बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीच्या चकत्या केल्या, कडी सुटी केली, पापुद्रे ओढून काढले. कडी फडक्यावर कोरडी करून कोरड्या मैद्यात घोळवली. पाऊण वाटी मैदा, पाऊण वाटी कॉर्नफ्लोअर, मीठ, तिखट, मिरपूड, आणि हे सगळं फ्रिजमधल्या गार पाण्यात भिजवलं, चमच्याच्या पाठीवर थर राहील इतपत. मैदा फार घोटायचा नाही, नाहीतर त्याला चिकटा येतो आणि कडी चिवट होतात. पिठातून काढलेलं कडं बारीक रव्यात घोळवून तेलात. पिठाचा थेंब टाकल्या टाकल्या वर आला की तेल तापलं.

‘‘आणि कान देऊन ऐक,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘चरचर कमी झाली की काढ. रंगावर जाऊ नकोस.’’

या वाक्यात तळणीचं सगळं शास्त्र आहे. तेलात जी चरचर होते ती पाण्याची. पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं, त्याचे ते बुडबुडे. पाणी संपत आलं की आवाज मंदावतो आणि वरचं कवच कडक होतं. पण आत कांदा असतो, आणि कांद्यात बहुतेक पाणीच! कढईतून बाहेर काढलं की आतली वाफ हळूहळू त्या कवचात मुरते आणि कवच पुन्हा मऊ पडतं. डब्यात झाकून ठेवलं तर आणखी लवकर. म्हणून तळणीचा पदार्थ जाळीवर काढावा, एकावर एक रचू नये. पण जाळीवर ठेवलं तरी तो खरा कुरकुरीतपणा चार-पाच मिनिटांचाच. तेवढ्यात ज्याने खाल्लं त्याने खाल्लं.

आणि इथेच सगळी गोम आहे. कढईपाशी जी उभी आहे तिला ती चार-पाच मिनिटं कधी मिळायची?

पहिला घाणा चिरंजीवांच्या ताटलीत गेला. त्याचीच फर्माईश ना! दुसरा नवऱ्याच्या. तिसऱ्याला मी हाक मारली, ‘‘आई, तुम्ही बसा आता.’’ तशा त्या म्हणाल्या, ‘‘मला नंतर. मला बाई गारच आवडतात.’’ हे आमच्या घरातलं जुनं, सर्वमान्य सत्य. आजीला गार भजी आवडतात. वीस वर्षं मी ते ऐकत आलेय आणि इमानेइतबारे त्यांच्यासाठी चार भजी ताटलीत झाकून ठेवत आलेय.

लेक या वर्षी बारावीला आहे. हल्ली तिला प्रश्न फार पडतात. तिने विचारलं, ‘‘आजी, तू गरम कधी खाल्ली आहेस का गं?’’

सासूबाई जरा थांबल्या. म्हणाल्या, ‘‘आमच्यात तेव्हा चौदा पानं उठायची. पुरुष, मग मुलं, मग पाहुणे. शेवटचा घाणा निघेपर्यंत चूल सोडता यायची नाही. मग उरली तर उरली. नाहीतर पातेल्यातलं पीठ खरवडून धिरडं घालायचो आम्ही जावा-जावा. आणि दोन दिवसांनी चातुर्मास लागायचाच.’’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

मला मात्र हातातला झारा जड झाला. कारण तेवढ्यात माझंच मला दिसलं. चौथा घाणा काढायला जाळी हवी होती. चिरंजीव जाळीच्या शेजारीच बसून मटामटा खात होते. आणि मी हाक कोणाला मारली? पलीकडच्या खोलीतून लेकीला! ती आली, जाळी दिली आणि न सांगताच पुढची कडी पिठात बुडवायला लागली. तिची ताटली रिकामीच होती. ‘‘तू खाऊन घे,’’ म्हटलं, तर ती काय म्हणाली असेल? ‘‘खाऊ दे त्यांना. मी तुझ्याबरोबर खाते.’’

हे तिला मी कधी शिकवलं? शब्दांनी तर नाहीच. उलट दोघांना सारखं वाढवतोय, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगते. शाळा सारखी, मोबाइल सारखा, पॉकेटमनी सारखा. पण सतरा वर्षं ती मला कढईपाशी बघतेय. ‘तुम्ही घ्या, मी नंतर घेते’ हे माझं वाक्य तिने बघून बघूनच उचललं.

‘एवढ्याशा भज्यांचं काय घेऊन बसलात,’ असं तुमच्यातल्या काही जणी म्हणतील. घेऊन बसायला हवं. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. 2019 मध्ये घरातल्या बिनपगारी कामांत बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या, 2024 मध्ये 289. पाच वर्षांत दहा मिनिटांची सुटका! आणि पुरुष? 97 वरून 88. म्हणजे त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झाली. आणि हे आकडे जे मुळात या कामांना हात लावतात त्यांचे. न लावणारे पुरुष यात धरलेलेच नाहीत. अशी पाहणी मिनिटं मोजते. त्या मिनिटांत गरम कोणी खाल्लं आणि गार कोणी, ते ती कशी मोजणार? ते आपलं आपणच बघायला हवं.

मी गॅस बारीक केला आणि चिरंजीवांना बोलावलं. ‘‘ये. पुढचा घाणा तुझा.’’ तो आधी हसला, मग घाबरला. नववीतला मुलगा, कढईपाशी कधी उभा राहिलेला नाही. त्याला दाखवलं, कडं वरून टाकायचं नाही, कढईच्या कडेने अलगद सोडायचं, म्हणजे तेल उडत नाही. हात कोरडे ठेवायचे. एका वेळी पाच-सहाच, जास्त टाकली की तेल थंड होतं आणि कडी तेल पितात. आजीने स्टुलावरूनच हुकूम सोडला, ‘‘चरचर ऐक रे!’’ पहिली दोन कडी त्याने जाळली. तिसरं-चौथं बरं निघालं. तो घाणा मी जाळीवरून सरळ सासूबाईंपुढे ठेवला आणि दुसरी ताटली लेकीपुढे. सासूबाई ‘नको नको’ म्हणाल्या. नातू कमरेवर हात ठेवून समोर उभा, ‘‘आजी, मी केलंय.’’ मग काय करतात!

त्यांनी एक कडं उचललं, फुंकर घातली आणि चावलं. चावल्यावर चकित होऊन आमच्याकडे बघितलं. म्हणाल्या, ‘‘बाई! एवढं वाजतं होय हे?’’

तेलातला आवाज ऐकून ज्या बाईने जन्मभर भजी तळली, तिला तोंडातला आवाज या वयात ऐकायला मिळाला. आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. मी मात्र पुढची पाच मिनिटं कांदा चिरायचं निमित्त काढून पाठ करून उभी होते.

रिंग्जचं एक बरं आहे. त्या दोनदा तळता येतात. सगळी कडी आधी मध्यम आचेवर फिकी तळून जाळीवर निवू द्यायची. सगळ्यांची पानं मांडून झाली की मोठ्या आचेवर एकेक मिनिट पुन्हा तळायची. पाच माणसांचं पाच-सात मिनिटांत होतं आणि तळणारीही गरम कड्यांची ताटली घेऊन सगळ्यांबरोबर बसू शकते. भज्यांचं तसं नाही. भिजवलेलं पीठ ठेवलं की कांद्याला आणखी पाणी सुटतं, ती तिथल्या तिथेच तळावी लागतात. तिथे उपाय एकच, पाळी लावायची. एक घाणा तुझा, एक माझा, एक बाबांचा. आमच्याकडे आता फ्रिजवर तसं लिहून लावलंय. नवऱ्याने स्वतःचं नाव शेवटी घातलंय, पण घातलंय.

रात्री ओटा पुसताना सासूबाई पाणी प्यायला आल्या. दोन दिवसांनी त्यांचा चातुर्मास लागणार होता. म्हणाल्या, ‘‘कार्तिकी झाली की करशील ना गं पुन्हा?’’

‘‘करू की. तुमच्यासाठी चार बाजूला ठेवीन, झाकून,’’ मी मुद्दामच म्हटलं.

‘‘झाकून नको,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हाक मार.’’