फवारणी पंपाची बॅटरी : दिवा पाहावा की दाब मोजावा?

धाराशिव जिल्ह्यात खरिपाचे मोठे क्षेत्र हल्ली सोयाबीनखाली असते. मृगाच्या पावसावर पेरलेले हे पीक श्रावणाच्या सुमारास खोडमाशी, चक्रीभुंगा व पाने खाणाऱ्या अळ्या यांच्या तावडीत सापडते, आणि नेमके त्याच दिवसांत पावसाची झड व उघडीप यांचा लपंडाव चालू असतो. फवारणीस योग्य अशी उघडीप कधी दीड दिवसाची, तर कधी केवळ एका सकाळची मिळते. अशा सकाळी पाठीवर पंप घेऊन बांधावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या पंपातील मोटर दुसऱ्याच टाकीला मंदावली, तर त्या हंगामाचे किती नुकसान होते हे निराळे सांगावयास नको.

हातदांड्याच्या पंपाची जागा बॅटरीवरील पंपाने फार थोड्या वर्षांत घेतली. राज्य शासनाने २०२४ साली कापूस, सोयाबीन व इतर तेलबियांच्या विशेष कृती योजनेतून अशा पंपांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज मागविले होते. त्याखेरीज स्वखर्चाने पंप घेणाऱ्यांची संख्याही लहान नाही. पंप घरोघर पोहोचले, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु पंपाबरोबर जो चार्जर येतो, त्याविषयीचे ज्ञान मात्र पंपाच्या खोक्यातून येत नाही. आणि जे यंत्र चालविण्याचे शिक्षण दिले गेले नाही, ते यंत्र अर्धेच दिले गेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

बॅटरी कमजोर झाली म्हणजे केवळ काम रेंगाळते असे नाही. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरला की मोटर मंद फिरते, फवाऱ्याचा जोर कमी होतो, थेंब मोठे पडतात व पानाच्या खालच्या बाजूस औषध पोहोचत नाही. टाकी भरताना औषधाचे प्रमाण अचूक घेतलेले असले तरी एका सरीवर ते जास्त व दुसरीवर कमी पडते. अळी मरत नाही. मग दोष औषधास दिला जातो आणि पुढील टाकीत मात्रा वाढविली जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्या दुर्घटनेची कारणे अनेक व निराळी होती; परंतु अंदाजाने मात्रा वाढविण्याची सवय किती घातक आहे, हे तिने महाराष्ट्रास दाखवून दिले. ज्या ठिकाणी खरा दोष बॅटरीत अथवा चार्जरमध्ये असतो, त्या ठिकाणी औषधाची मात्रा वाढविणे म्हणजे दुखणे पायाला आणि लेप कपाळाला, असेच होय.

या घोटाळ्याचे मूळ एका आकड्यात आहे. बाजारातील बहुतेक पंपांवर ‘१२ व्होल्ट’ असे लिहिलेले असते. परंतु या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या जातींच्या बॅटऱ्या विकल्या जातात. पहिली शिसे-आम्लाची. तिचा शोध फ्रान्समधील गॅस्तों प्लांते याने १८५९ साली लावला. ट्रॅक्टर व मोटारगाडीतून ती शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. पंपातील बॅटरी बंद पेटीत असते, तिला पाणी घालावे लागत नाही, एवढाच फरक. दुसरी लिथियम-आयन. ही प्रथम १९९१ साली जपानमध्ये बाजारात आली, आणि तिच्या संशोधनाबद्दल २०१९ साली तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाइलमध्ये असते ती हीच जात. पंपात तिचे तीन घट एकापुढे एक जोडलेले असतात. तिसरी लिथियम-लोह-फॉस्फेट. हीदेखील लिथियमचीच, परंतु स्वभावाने अधिक शांत. हिचे चार घट जोडावे लागतात. दुकानात शेवटच्या दोहोंना सरसकट ‘लिथियम’ म्हणतात, आणि तेथेच चूक घडते.

लिथियम-आयनच्या प्रत्येक घटाचा पूर्ण भरलेला दाब ४.२ व्होल्ट असतो. म्हणून तीन घटांच्या बॅटरीचा चार्जर १२.६ व्होल्टचा असावा लागतो. लोह-फॉस्फेटचा घट ३.६५ व्होल्टपर्यंत भरतात. चार घटांसाठी चार्जर १४.६ व्होल्टचा लागतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीस भरताना सुमारे १४.४ व्होल्ट द्यावे लागतात. तिन्ही चार्जर दिसण्यात सारखे, आणि पुष्कळदा त्यांची गोल पिनही सारखीच. जुना चार्जर हरवला किंवा जळाला की शेतकरी पिन घेऊन दुकानात जातो व जो बसेल तो चार्जर घेऊन येतो. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, हा समज प्रथम दूर व्हावयास पाहिजे.

न जुळणाऱ्या चार्जरचे परिणाम दोन प्रकारचे होतात. १२.६ व्होल्टचा चार्जर लोह-फॉस्फेटच्या बॅटरीस लावला, तर प्रत्येक घटाच्या वाट्यास ३.१५ व्होल्ट येतात. बॅटरी जवळजवळ भरतच नाही, पण चार्जरचा हिरवा दिवा मात्र लगेच लागतो. शेतकरी समजतो, बॅटरी भरली. उलटपक्षी १४.६ व्होल्टचा चार्जर तीन घटांच्या लिथियम-आयनला लावला, तर प्रत्येक घटावर पावणेपाच व्होल्टहून अधिक दाब येऊ पाहतो. बॅटरीच्या पोटात जे संरक्षक सर्किट असते, ज्यास दुकानदार ‘बीएमएस’ म्हणतात, ते अशा वेळी प्रवाह तोडते. परंतु हलक्या मालात ते सर्किट नीट असेलच असा भरवसा नसतो, आणि ते निकामी असले तर बॅटरी फुगते, तापते व पेट घेते. कडब्याच्या गंजीशेजारी किंवा औषधांच्या डब्यांजवळ चार्जिंगला लावलेली बॅटरी पेटल्यास काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता दिव्याविषयी. चार्जरवरील दिवा बॅटरीची प्रकृती सांगत नाही. आपल्यामधून किती प्रवाह जात आहे, एवढेच तो सांगतो. प्रवाह जात असला की तांबडा, प्रवाह अगदी कमी झाला की हिरवा, अशी त्याची सर्वसाधारण रीत. बॅटरी पूर्ण भरली तर प्रवाह थांबतो हे खरे. पण पिनेची तार आतून तुटली असली, पंपाचा फ्यूज गेला असला, किंवा संरक्षक सर्किटने वाट अडविली असली तरी प्रवाह थांबतोच. दिवसभर फवारून रिकामी झालेली बॅटरी लावताक्षणी हिरवा दिवा लागला, तर तो आनंदाचा नव्हे, संशयाचा विषय समजावा.

याचा निवाडा करण्यास काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरेसा आहे. त्याची कळ एकदिश प्रवाहाच्या, म्हणजे डीसीच्या, २० व्होल्टच्या खुणेवर ठेवावी. काळी तार ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात व तांबडी तार ‘व्ही’ लिहिलेल्या भोकात असावी. ‘१० ए’ लिहिलेल्या भोकात तांबडी तार ठेवून बॅटरीस लावल्यास बॅटरीची दोन टोके थेट जोडल्यासारखे होते व ठिणगी उडते. नवशिक्याकडून हीच चूक बहुधा होते. घरातील बोर्डात वीज आहे किंवा नाही, हे पाहण्यास मात्र मीटरच्या तारा सॉकेटात घालू नयेत. तेथे २३० व्होल्ट असतात. मोबाइलचा चार्जर लावून पाहिला तरी काम भागते.

प्रथम चार्जर बोर्डात लावून, पंपास न जोडता, त्याच्या पिनेचा दाब घ्यावा. गोल पिनेत बहुधा आतील भाग धन व बाहेरील कडे ऋण असते. तारा उलट लागल्या तर आकड्यामागे उणे चिन्ह येते, एवढेच. पिनेच्या आतील व बाहेरील भागांचा एकमेकांस स्पर्श होऊ देऊ नये. चार्जरच्या पाठीवर १२.६ लिहिले असल्यास मीटरवर त्याच्या आसपासचाच आकडा यावयास पाहिजे. शून्य आला तर चार्जर अथवा त्याची तार गेली असण्याचा संभव मोठा. तथापि काही चार्जर बॅटरी जोडल्याखेरीज दाब देतच नाहीत, म्हणून एवढ्यावरून चार्जर उकिरड्यावर टाकू नये.

मग बॅटरीचा दाब घ्यावा. पण तो पंप थांबवून व चार्जर काढून तासभर झाल्यावर. भरताना आकडा फुगलेला असतो आणि पंप चालताना दबलेला असतो. ज्या पंपांवर व्होल्टचा छोटा काटा अथवा आकड्यांची पट्टी असते, त्यांच्या मालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. विसावलेल्या लिथियम-आयनमध्ये १२.४ ते १२.६ म्हणजे ती भरलेली, साडेदहाच्या खाली म्हणजे ती भरावयास झालेली. शिसे-आम्लाच्या बॅटरीत १२.७ च्या आसपास भरलेली, १२.२ निम्मी, ११.८ रिकामी. लोह-फॉस्फेटमध्ये १३.३ ते १३.६ भरलेली; तिचा दाब मात्र मधल्या काळात फारसा हलत नाही आणि शेवटी एकदम घसरतो. यातील मर्म असे की, मीटरवर १२.६ हा एकच आकडा दिसला तर लिथियम-आयनचा धनी निर्धास्त शेतात जाऊ शकतो, शिसे-आम्लाचाही बहुतांशी जाऊ शकतो, आणि लोह-फॉस्फेटच्या धन्यास मात्र पहिल्या-दुसऱ्या टाकीतच परतावे लागते. आपल्या पंपात कोणती जात आहे हे ठाऊक नसेल, तर आकडा वाचूनही उपयोग नाही.

यानंतर चार्जर जोडून पुन्हा पाहावे. ११.४ चा आकडा ११.६ होऊन हळूहळू चढू लागला, तर दोन्ही वस्तू ठीक आहेत असे समजावे. आकडा मुळीच हलला नाही तर दोष वाटेत आहे: पिन, तार, फ्यूज किंवा गंजलेला सांधा. हा दोष सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित. औषधाच्या थेंबांनी पिनेवर हिरवट गंज चढतो, तो सुक्या फडक्याने पुसला तरी कित्येक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या जिवंत होतात. आकडा क्षणात शिखरास गेला आणि पंप चालविताच साडेनऊ-दहापर्यंत कोसळला, तर बॅटरीचे वय झाले. आणि लिथियमची बॅटरी मुळात शून्य दाखवीत असेल, तर संरक्षक सर्किटने ती बंद केलेली असते. जुळणारा चार्जर लावल्यावर ती पुष्कळदा जागी होते. न झाल्यास ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार लावून तिला ‘झटका’ देण्याचा उद्योग कोणीही करू नये. फार खोल उतरलेल्या घटात आतल्या आत जोड निर्माण होतो व पुढे भरताना आग लागू शकते. फुगलेली बॅटरी तर चार्जरजवळ नेऊच नये.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, हे काम वायरमनचे; शेतकऱ्याने मीटर कशाला हाताळावा? हा आक्षेप टिकणारा नाही. भूम-परंड्याकडे खव्याच्या भट्ट्या व दूध संकलन केंद्रे गावोगाव आहेत. तेथे दुधाचा दर फॅटच्या आकड्यावर ठरतो आणि तो आकडा दूध घालणाऱ्यास बरोबर कळतो. पर्जन्यमापकातील मिलिमीटर समजणाऱ्यास व्होल्ट समजणार नाहीत, असे मानणे हा शेतकऱ्याच्या बुद्धीचा अवमान होय. अडचण बुद्धीची नाही. मीटर हाताशी नाही आणि कोणी दाखविले नाही, ही आहे.

म्हणून अनुदानातून पंप देताना पंपांच्या संख्येत थोडी घट झाली तरी चालेल, पण प्रत्येक गावास एक मीटर व तो वाचणारी दोन माणसे मिळाली पाहिजेत. तो ग्रामपंचायतीत, शेतकरी उत्पादक कंपनीत अथवा बचत गटाकडे ठेवता येईल. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्रीचे विद्यार्थी व तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या मदतीने मे महिन्यात, मृगापूर्वी, गावोगाव एक दिवसाची तपासणी घडवून आणणे अवघड नाही. विक्रेत्यांनीही पंपाच्या अंगावर बॅटरीची जात व चार्जरचा दाब मराठीत व ठळक अक्षरांत लिहून द्यावा. तोपर्यंत शेतकऱ्याने स्वतः रंगाने लिहून ठेवावा, आणि तोच आकडा चार्जरच्या पाठीवरही.

चार्जिंग उघड्या फरशीवर, जागेपणी करावे. पत्र्याच्या शेडमधील दुपारच्या उकाड्यात ते टाळावे. पंप उन्हातून आणल्यावर बॅटरी थंड होऊ द्यावी. निकामी बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीच्या काठी टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा विक्रेत्याकडे ती देण्याचा आग्रह धरावा.

येळवस झाली की तुरीवरील व हरभऱ्यावरील फवारण्या बहुधा उरकतात आणि पंप माळ्यावर जातो. येथेही जातीप्रमाणे रीत वेगळी. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी व महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियमची मात्र निम्मी भरलेली, थंड व कोरड्या जागी ठेवावी. पाडव्याच्या सुमारास दोहोंचा दाब एकदा मोजावा आणि आकडा तारखेसह पंपाच्या अंगावरील चिठ्ठीवर लिहावा.