जाहीर आवाहन : मृगाच्या पावसाआधी आपापला ओहोळ राखू या

मुरबाड तालुक्यातील ग्रामस्थ, शेतकरी, पोल्ट्रीचालक आणि दुकानदार बंधू-भगिनींनो,

मृगाची पहिली मोठी सर आली की उकिरड्याचा काळा ओघळ, पोल्ट्रीच्या शेडमागचे लिटर (कोंबड्यांच्या विष्ठेचा भुसा), कल्याण-नगर रस्त्यालगतचे प्लास्टिक, असे सारे काही ओहोळात उतरते. तिथून ते काळू नदीत जाते, नाहीतर बारवी धरणात. काळू टिटवाळ्यावरून पुढे उल्हास नदीला मिळते. बारवीचे पाणी अंबरनाथ, उल्हासनगरपासून मिरा-भाईंदरपर्यंत पितात. पण त्याआधी ओहोळाचे हे पाणी झिरपते ते आपल्याच विहिरींत.

कारखान्याचे सांडपाणी पाइपाच्या तोंडाशी मोजता येते, अडवता येते. शेतातून आणि अंगणातून वाहून येणाऱ्या पाण्याला असे एक तोंड नसते. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, जलसुरक्षक नमुना तपासणीला पाठवतो. पावडरीने जंतू मरतात, पण विरघळलेले खत आणि फवारणीचे औषध पाण्यात तसेच राहते. याच खतावर पुढे नदीत जलपर्णी माजते. हे सारे जमिनीवरच रोखावे लागेल आणि ती जमीन आपल्या ताब्यात आहे. म्हणून ही कळकळीची विनंती :

१. उकिरडा विहिरीपासून आणि ओहोळापासून दूर, उंचवट्यावर हलवा व भोवती मातीचा बांध घाला. पोल्ट्रीचे लिटर ताडपत्रीखाली झाकून ठेवा.

२. पाऊस भरून आला असताना भातात युरिया फेकू नका. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचतात. त्यामुळे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही आणि कमी लागते.

३. फवारणीचा पंप ओहोळावर धुऊ नका. औषधाची बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता. रिकामी बाटली बांधावर टाकू नका.

४. ओहोळाच्या काठचे गवत आणि झुडपे जाळू नका. गाळ आणि खत तिथेच अडते. बांधकामाचा भराव पात्रात ढकलू नका.

५. मोरीचे पाणी रस्त्यावर न सोडता शोषखड्ड्यात सोडा.

१ मेच्या ग्रामसभेला घरटी एक माणूस तरी हजर राहू या. ओहोळांची सफाई ३१ मेपूर्वी करण्याचा आणि विहिरींच्या तपासणीचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा ठराव मांडू या. पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण घेतलेल्या भगिनींना त्या सभेत बोलू द्या. पाणी भरणाऱ्या बायकांना त्याचा वास आणि रंग सर्वांत आधी कळतो.

सरपंच आणि सदस्यांनी पाड्यापाड्यांवर सफाईचा दिवस ठरवून द्यावा, ज्याच्या बांधालगत ओहोळ जातो त्याने तेवढा भाग अंगावर घ्यावा. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. तोवर हे काम उरकू या.

आपला,
तालुक्यातील एक शेतकरी