पिकअपची पॉवर वाढवली, मग क्लचचं पॅडल खाली का बसतं? चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवरून समजून घेऊ

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नवी डिझेल पिकअप घेणं थोडं सोपं झालं. त्याआधीच पिकअपची ताकद वाढायला लागली होती. २०२२ मध्ये टाटाने योद्धा २.० आणली, दोन टन माल वाहणारी. २०२३ मध्ये महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या एचडी मालिकेतही दोन टनांचं मॉडेल आलं. चंद्रपूर-गडचिरोलीत याचा अर्थ सरळ आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीनंतर धान, वर्षभर आठवडी बाजाराचा किराणा आणि घरकुलाचं सिमेंट, हे सगळं गावात पोचवते ती पिकअपच.

पण मालक दोन टनांवर थांबत नाही. मागचे पाटे वाढवले जातात, मोठे टायर बसतात. रील बघून कोणीतरी ईसीयू रिमॅप करून घेतं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून जास्त डिझेल आणि जास्त टर्बो प्रेशर. गाडी पळायला लागते. मग क्लच प्लेट घसरते, म्हणून कडक स्प्रिंगची हेवी प्रेशर प्लेट बसते. आणि काही महिन्यांनी गाडी रस्त्यात उभी राहते ती इंजिनमुळे नाही, तर क्लचचं पॅडल जमिनीला टेकून वरच येत नाही म्हणून. मिस्त्रीच्या भाषेत, ‘क्लच बसला’.

हे का होतं ते बघू. हायड्रॉलिक क्लचमध्ये पॅडल आणि क्लच यांच्यामध्ये केबल नसते, तेल असतं. पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन तेल ढकलतो, ते नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं, स्लेव्हचा पिस्टन फोर्क हलवतो, फोर्क रिलीज बेअरिंगला दाबतो आणि प्लेट सुटते. काही गाड्यांमध्ये स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळायला लागला तर बाहेरून दिसत नाही आणि बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

या सगळ्यात तेल अडवून धरणारी गोष्ट म्हणजे रबराचे छोटे वॉशर. कंपनीने ते एका ठराविक दाबासाठी निवडलेले असतात. तुम्ही कडक स्प्रिंगची प्लेट बसवली की तीच प्लेट सोडवायला जास्त दाब लागतो, आणि तो पायातून येतो तसा प्रत्येक वेळी त्या वॉशरवरही येतो. गंमत म्हणजे कंपनीची प्लेटसुद्धा झिजत गेली की पॅडल जड होत जातं. म्हणजे झिजलेली प्लेट ‘अजून चालतेय’ म्हणून तशीच ठेवली तरी मार हायड्रॉलिकवरच बसतो.

मग मोठा स्लेव्ह सिलिंडर बसवला तर? हा सल्ला हमखास मिळतो, म्हणून थोडा हिशोब करू. समजा मास्टर १६ मिमीचा आहे आणि स्लेव्ह १९ मिमीचा. क्षेत्रफळाच्या प्रमाणात जोर साधारण १.४ पट होतो. मास्टरचा पिस्टन ३० मिमी सरकला तर स्लेव्हचा सुमारे २१ मिमी सरकतो. आता स्लेव्ह २२ मिमीचा केला. जोर जवळपास १.९ पट झाला, पॅडल हलकं झालं. पण स्लेव्ह आता १६ मिमीच सरकतो. पाच मिमी गेले. क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना खरखर होते आणि सिंक्रोनायझर झिजतात. जोर आणि अंतर दोन्ही वाढवायचं तर पॅडलपासून सगळंच बदलावं लागतं. अमेरिकेत कमिन्स डिझेल इंजिनच्या रॅम पिकअपना ट्यून करणाऱ्यांची हीच अडचण होती, म्हणून तिथे हेवी क्लचबरोबर मोठ्या मापाचा हायड्रॉलिक सेटही विकला जातो. आपल्याकडे प्लेट मिळते, सेट कोणी विचारत नाही.

आता आपल्या भागाची गोष्ट, कारण इथे हवामानही क्लचच्या मुळावर उठतं.

क्लचमधलं तेल म्हणजे ब्रेक फ्लुइडच, डॉट ३ किंवा डॉट ४. ते हवेतली ओल शोषून घेतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३०. पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. गडचिरोलीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगल आहे आणि पावसाळाभर हवा ओलीच असते. ओल तेव्हा शिरते, हिशोब होतो मे महिन्यात. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे, गाडी भरलेली, आणि आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे रांगेत रांगायचं. हाफ क्लच, थांबा, पुन्हा हाफ क्लच. प्लेटची उष्णता क्लच हाउसिंगमधून स्लेव्हपर्यंत पोचते. तेलातल्या पाण्याची वाफ झाली की पॅडल स्पंजासारखं लागतं, कारण वाफ दबते, तेल दबत नाही. अर्धा तास गाडी उभी केली की सगळं निवतं आणि क्लच परत काम करतो. म्हणूनच मिस्त्रीकडे नेईपर्यंत दोष गायब झालेला असतो आणि तो म्हणतो, ‘काही नाही झालं, एअर काढून देतो.’

एअर काढणं चुकीचं नाही. पण जुनं काळं तेल तसंच ठेवून वरून एअर काढली तर पुढच्या रांगेत तेच होणार. दोन वर्षांनी पूर्ण तेल बदलायचं. खर्च काही शे रुपयांचा आहे.

त्याहून वाईट म्हणजे चुकीचं तेल. रस्त्यात डबी रिकामी दिसली की हाताशी असेल ते ओतलं जातं: पॉवर स्टिअरिंगचं तेल, इंजिन ऑइल, कधी नुसतं पाणी. ब्रेक फ्लुइडसाठीचं रबर खनिज तेलात फुगतं. एक-दोन दिवस पॅडल चांगलं लागतं, मग मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही जातात. आणि कित्येक गाड्यांमध्ये क्लच आणि ब्रेकचं तेल एकाच डबीतून जातं. अशा गाडीत चुकीचं तेल ओतलं तर ब्रेकही धोक्यात येतो. तुमच्या गाडीत काय आहे ते आजच बोनेट उघडून बघा.

‘पण माझ्या गाडीला ॲप आहे, ओबीडी डोंगल आहे, ते सांगेल ना?’ नाही सांगणार. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा. त्यामुळे गाडीचा कॉम्प्युटर धुराशी संबंधित प्रत्येक गोष्टीवर डोळा ठेवतो, कारण कायदा तेच मागतो. क्लचच्या नळीत किती दाब आहे, तेलात किती पाणी आहे, हे मोजणारा सेन्सर साध्या पिकअपमध्ये नसतो. गाडी नागपूरला आहे की नागभीडला हे मोबाइलवर दिसतं, पण क्लच सुटतोय की नाही हे फक्त ड्रायव्हरच्या डाव्या पायाला कळतं. माझ्या मते कंपन्यांनी इथे हात आखडता घेतलाय. क्लच किती तापला याचा अंदाज सॉफ्टवेअरने घेता येतो. २०२३ मध्ये अमेरिकेत मॅन्युअल गिअरच्या जीप रँग्लर आणि ग्लॅडिएटर परत बोलावल्या गेल्या, तेव्हा क्लच तापला की इंजिनचा टॉर्क कमी करणारं सॉफ्टवेअर हाच उपाय होता. दोन टन माल वाहणाऱ्या गाडीला निदान एक लाल दिवा तरी हवा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ओव्हरलोडसाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. रिमॅप केलेल्या गाडीची वॉरंटी मागायला गेलात तर काय ऐकायला मिळेल, ते सांगायला नको.

शहरात क्लच बसला तर टो करून नेता येतं. आलापल्ली ते भामरागड हे सुमारे ६५ किलोमीटरचं जंगल आहे, मध्ये कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागडचा रस्ताच बंद होतो. त्यात गाडीवर माणसंही बसलेली असतात, कधी दवाखान्यात निघालेला पेशंटही. हप्ता चुकणं ही नंतरची गोष्ट.

म्हणून निघण्याआधीची एक मिनिटाची तपासणी. इंजिन चालू, गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. क्लच पूर्ण दाबून मिनिटभर धरा, मग रिव्हर्स टाका. खरखर झाली, गाडी सरकायला लागली किंवा दाबलेलं पॅडल हळूहळू खाली जात राहिलं तर वॉशर गेलेत. दोनदा पंप केल्यावर पॅडल कडक होत असेल तर आत हवा किंवा वाफ आहे. पॅडलच्या वर, ड्रायव्हरच्या बाजूच्या मॅटवर ओल दिसली तर मास्टर गळतोय. गाडीत सीलबंद डॉट ४ ची छोटी बाटली ठेवा, उघडलेली नको, तिनेही ओल घेतलेली असते.

जंगलात अडकलातच तर बंद गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून सेल्फ मारतात, गाडी झटक्याने निघते. हे माल आणि माणसं उतरवल्याशिवाय, चढावर किंवा पुढे कोणी उभं असताना करू नका. भरलेल्या गाडीत स्टार्टर जळतो. आणि जुनी पिकअप घेत असाल, एमएच-३३ असो की एमएच-३४, तर विकणाऱ्याला प्लेट कोणती बसवली आहे ते विचारा आणि क्लच ऑइलचं झाकण उघडून रंग बघा. नवं तेल फिकट पिवळं असतं. डांबरासारखं काळं दिसलं तर मास्टर, स्लेव्ह आणि नळी तिन्हींचा खर्च धरूनच भाव करा.