खोडदच्या आकड्यांना जुने सॉफ्टवेअर लागते

जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीविषयी लिहिताना बहुतेक आकडे लोखंडाचे येतात. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ मधल्या एका चौरस किलोमीटरच्या परिसरात, उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी दोरांच्या सांगाड्यावर ताणलेली बारीक पोलादी तारेची जाळी वापरून एवढ्या मोठ्या तबकड्या हलक्या आणि स्वस्त कशा केल्या, हेही आता शाळकरी मुलांना ठाऊक असते. या अभिमानात खोट काही नाही. पण अँटेना आकाशाचे चित्र काढत नाही. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, प्रत्येक जोडीच्या संकेतांचा मेळ घातला जातो आणि हाती येते ती आकड्यांची रास. तिचे चित्र करते ते सॉफ्टवेअर. तबकडी गंजायला अनेक पावसाळे जावे लागतात. सॉफ्टवेअर मात्र खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की एका दिवसात बंद पडते.

जीएमआरटी २००२ पासून जगभरच्या संशोधकांना खुली आहे आणि तेव्हापासूनची निरीक्षणे तिच्या संग्रहात आहेत. ही कच्ची निरीक्षणे साठवण्याचे एलटीए नावाचे स्वरूप दुर्बिणीचे स्वतःचे आहे. बाहेरचे कोणतेही नेहमीचे सॉफ्टवेअर ते थेट वाचत नाही. आधी 'लिस्टस्कॅन' आणि मग 'जीव्हीफिट्स' हे दोन छोटे प्रोग्राम चालवून त्याचे फिट्स या आंतरराष्ट्रीय स्वरूपात रूपांतर करावे लागते. एवढ्या मोठ्या यंत्राचा इतिहास उघडणारी किल्ली म्हणजे हे दोन प्रोग्राम.

फिट्सची गोष्ट तर प्रत्येक संगणक अभियंत्याने मुळातून वाचावी अशी आहे. १९८१ साली ते प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातली प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, पंचकार्डाच्या मापाची. फाइलचा प्रत्येक ठोकळा २८८० बाइटांचा, कारण त्या काळच्या निरनिराळ्या संगणकांच्या शब्दलांबीत तो बरोबर बसत असे. संख्येतला मोठा बाइट आधी लिहायचा, हेही तेव्हाच ठरले. आजचे इंटेलचे प्रोसेसर नेमका उलटा क्रम पाळतात, म्हणून प्रत्येक संख्या वाचताना बाइटांची अदलाबदल करावी लागते. ती विसरली तरी प्रोग्राम तक्रार करत नाही, निमूट भलतेच आकडे देतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेखातले ब्राह्मी अंक दगडावर अजून आहेत, पण लिपी जाणणारा असेल तरच त्यांतून संख्या निघते. फिट्सच्या कर्त्यांनी ही जाण ठेवली आणि नियम केला की मानकात पुढे कितीही भर पडो, एकदा वैध ठरलेली जुनी फाइल कधी अवैध ठरवायची नाही. आजच्या किती कंपन्या आपल्या ग्राहकांना असे वचन देतील?

या फायलींवर काम करणारे जुने आणि अजून वापरातले सॉफ्टवेअर म्हणजे एप्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेत १९७८ साली त्याची सुरुवात झाली, तीही फोरट्रान भाषेत. लिनक्सचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी एप्स पुढे व्हॅक्स, सोलारिस, लिनक्स, मॅक असे घर बदलत टिकले. कारण त्याच्या रचनेत आहे. ऑपरेटिंग सिस्टीमशी थेट बोलणारा भाग, म्हणजे फाइल उघडणे, वेळ विचारणे, स्मृती मागणे, हा सगळा 'झेड'ने सुरू होणाऱ्या निराळ्या रूटीनांत कोंडलेला आहे. यंत्र बदलले की तेवढीच रूटीने पुन्हा लिहायची. गणिताला हात लावायचा नाही. पोर्टिंगचा, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचा, विचार पहिल्या दिवसापासून केला तर काय साधते, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

सगळीच जुनी सॉफ्टवेअरे इतकी सुदैवी नसतात. २०२० साली जीसीसी कम्पायलरची दहावी आवृत्ती आली आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारा फोरट्रान कोड ठिकठिकाणी अडला. एकच सबरूटीन एका जागी पूर्णांकांनी आणि दुसऱ्या जागी दशांश संख्यांनी बोलावलेले, याकडे आधीचे कम्पायलर कानाडोळा करत. नव्या आवृत्तीने ती चूक धरली. जुनी सवलत परत मिळवणारा पर्याय कम्पायलरला देता येतो आणि घाईत तोच दिला जातो. खरे काम त्यानंतरचे असते: ती विसंगती निरुपद्रवी आहे की गेली वीस वर्षे उत्तरात मिसळत आली आहे, हे एकेक ओळ वाचून ठरवणे.

उलट्या दिशेचा प्रवास आणखी कठीण, म्हणजे नवी लायब्ररी जुन्या सिस्टीमवर बांधणे. जुनी सिस्टीम ठेवायची कशाला, असे बाहेरचा माणूस सहज विचारतो. प्रयोगशाळेत यंत्राला जोडलेल्या कार्डाचा ड्रायव्हर कित्येकदा एका ठरावीक कर्नलवरच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावरच, चालतो. ती सिस्टीम काढली तर चालते यंत्र भंगारात जाते. सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, पण म्हणून तिच्यावर चालणारी यंत्रे त्या दिवशी थांबली नाहीत. तिचा मूळ कम्पायलर जीसीसी ४.८, त्याला सी++ चे २०१७ चे मानक कळत नाही. तिची पायाभूत सी लायब्ररी ग्लिबसी २.१७. उबुंटू २२.०४ वर बांधलेला प्रोग्राम तिथे नेला की 'ग्लिबसीची नवी आवृत्ती हवी' म्हणून तो सुरूच होत नाही. उलट जुन्यावर बांधलेला नव्यावर बहुधा चालतो. म्हणून जाणकार सर्वांत जुन्या सिस्टीमवर बांधतात, आणि पायथॉनची कितीतरी पॅकेजे याच कारणाने सेंटओएस ७ च्या पायावर तयार होत आली.

एवढे करून बिल्ड पार पडले, तरी काम संपत नाही. ३२ बिटच्या जुन्या लिनक्सवर दशांश गणित सहसा ८० बिटच्या रजिस्टरांत होई, ६४ बिटवर ते वेगळ्या पद्धतीने होते. शेवटचे अंक बदलतात. निरीक्षणाच्या गोंगाटापुढे हा फरक नगण्य आहे, हे तपासून, मोजून दाखवावे लागते.

जीएमआरटीभोवती जुन्या सॉफ्टवेअरची ही झुंज दिसते. १५० मेगाहर्ट्झवरच्या टीजीएसएस सर्वेक्षणाची निरीक्षणे २०१० ते २०१२ मधली. हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी ती 'स्पॅम' या आपल्या प्रणालीतून पुन्हा काढली आणि २०१७ साली सुमारे ६.२ लाख रेडिओस्रोतांची यादी जगापुढे ठेवली. ती प्रणाली एप्स आणि पायथॉन २ वर उभी होती आणि पायथॉन २ चा आधार २०२० च्या सुरुवातीला संपला. रुता काळे आणि ईश्वर चंद्र यांनी २०२१ मध्ये मांडलेली 'कॅप्चर' ही प्रणाली कासा या रेडिओ निरीक्षणांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, पायथॉन २ च्या आवृत्तीसाठी होती. कासा ६ पायथॉन ३ वर गेल्यावर तिचीही नवी आवृत्ती करावी लागली. या कष्टांनी एकही नवा तारा सापडत नाही, पण ते केले नाहीत तर पुढचा तारा शोधणाऱ्याचे हात बांधलेले राहतात.

यावर 'कंटेनर वापरा' हे उत्तर हमखास मिळते. सगळी जुनी सिस्टीम डबाबंद करून नव्या यंत्रावर चालवायची. सोय उत्तम आहे आणि वापरावीच. पण कंटेनरात कर्नल नसतो, तो यजमान यंत्राचाच असतो. सेंटओएस ६ ची जुनी ग्लिबसी 'व्हीसिसकॉल' नावाच्या सोयीवर अवलंबून होती. कित्येक नव्या कर्नलांनी ती बंद केली आणि ते कंटेनर सुरू होताच कोसळू लागले. डब्यामुळे मुदत वाढते. सोर्स कोड समजणारा माणूस तरीही लागतोच.

असा माणूस पगारावर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जवळपास नाही. केंद्र सरकारने स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले, हे स्वागतार्हच आहे. त्या दुर्बिणीचे नियंत्रण सॉफ्टवेअर घडवण्यात भारताचा वाटा मोठा आहे. हे सॉफ्टवेअर कित्येक दशके चालवायचे तर ते जिवंत ठेवणाऱ्यांची पदे, बढत्या आणि श्रेय शोधनिबंध लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने ठरली पाहिजेत. तसे आज होत नाही, आणि हा अन्याय आहे.

मनुष्यबळ दूर शोधायला नको. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जुन्नर तालुक्यात कुरणला जयहिंद आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत हजेरीची आणि ग्रंथालयाची ॲप्स पुन्हापुन्हा करण्याऐवजी तिथल्या विभागप्रमुखांनी यंदा एक विषय यादीत घालावा: कासाच्या पायाशी असलेली कासाकोर ही मुक्त लायब्ररी सेंटओएस ७ वर आणि आजच्या लिनक्सवर सोर्सपासून बांधणे, तिच्यासोबत येणाऱ्या चाचण्या दोन्हीकडे चालवणे, लागलेला प्रत्येक बदल लिहून ठेवणे आणि तो मूळ प्रकल्पाकडे पाठवणे. तपासायला निरीक्षणेही हाताशी आहेत. जीएमआरटीची निरीक्षणे १८ महिन्यांनी सर्वांसाठी खुली होतात.